नाथाजी हवालदाराचा वाकडा ट्रान्सफॉर्मर

साताऱ्यात सरळ रेघेचं फार कौतुक. फौजेतून पेन्शनीत निघालेली माणसं इथं गल्लोगल्ली राहतात. पेन्शनीत गेल्यावर कवायत घ्यायला माणसं मिळत नाहीत, म्हणून ती विटांची, कुंड्यांची आणि झाडांची कवायत घेतात. दारासमोरच्या विटा चुना लावून एका ओळीत, कडुनिंबाच्या बुंध्याला सारख्या उंचीचा गेरू, वाळत घातलेली धोतरंसुद्धा काठाला काठ लावून. अशा गावात नाथाजी साळुंखे नावाच्या माणसानं एक वस्तू मुद्दाम वाकडी बसवली. तिचं आणि त्याचं काय झालं ते मी सांगतो. मला तो अधिकार आहे, कारण ती वस्तू सरळ करताना स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात होता.

मी भाऊसो. औद्योगिक वसाहतीत गंगाधरपंतांचा कारखाना होता, त्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, अकरा माणसं आणि एक पाटी. पाटी शेडपेक्षा भारी होती. मी तिथं स्टोअरकीपर होतो, टायपिस्ट होतो, आणि जो आला नाही त्याच्या जागेवरचा माणूसही मीच होतो. मालक गंगाधरपंत वाईचे. त्यांनी मिलिटरीच्या लिलावात व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांची, सहा खोकी उचलली होती. तेव्हा सगळं जग व्हॉल्व्ह फेकून ट्रान्झिस्टर लावत होतं, हे मालकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण खोकी आधी आली आणि अक्कल नंतर. मग त्या व्हॉल्व्हचं करायचं काय, म्हणून कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी ऑसिलोस्कोप बनवायचं ठरलं, आणि ते बनवणारा म्हणून उंब्रजचा नाथाजी हवालदार सापडला.

नाथाजी सातवी पास. अठरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात त्यानं इंग्रजांची आणि अमेरिकनांची यंत्रं उघडून दुरुस्त केली होती. उंचीनं बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. इस्त्रीची घडी अशी, की तिच्यावर बोट कापावं. ऑसिलोस्कोप म्हणजे काय हे मालकांना पाहुण्यांपुढं अर्ध्या तासात सांगता यायचं नाही. नाथाजी एका दमात सांगायचा, "वीज डोळ्याला दिसत न्हाई. ह्ये दावतं."

समोर बशीएवढी गोल हिरवी काच. आतल्या नळीतून किरण येतो, काचेवर डावीकडून उजवीकडं धावतो आणि रेघ उमटते. यंत्राला जशी वीज द्याल तसा रेघेचा आकार. काहीच दिलं नाही, तर रेघ सपाट आणि स्तब्ध राहिली पाहिजे. या शेवटच्या वाक्यावर नाथाजीचा जीव होता. "पोरगं पयल्यांदा रेघ बघनार ती आपल्या मशीनवर," तो म्हणायचा. "ती खोटी असली, तर ते जल्मभर खोटंच खरं धरून चालंल. खोटं दावनारं मशीन असन्यापरास नसल्यालं बरं." अठरा वर्षं परक्यांच्या रेघा सरळ केल्या, आता एक आपल्या हातची सरळ रेघ आपल्या मुलखातल्या कॉलेजात ठेवायची, एवढंच त्याचं मागणं होतं. पगारवाढ मागितली असती तर मालकांना लवकर समजलं असतं.

दोन वर्षं त्यानं त्या यंत्राचा आराखडा मांडला आणि मोडला. तापणारे व्हॉल्व्ह वर आणि मागं, म्हणजे त्यांची धग नाजूक व्हॉल्व्हना लागणार नाही. पत्र्याला चिरा कुठं पाडायच्या, तारांच्या जुड्या दोऱ्यानं कुठं बांधायच्या, सगळं वहीत. पण रेघ काही स्थिर होईना. कारण होता ट्रान्सफॉर्मर. त्याच्याभोवती चुंबकाचा जोर असतो, तो नळीतल्या किरणाला ओढतो, आणि रेघ डुलते. परदेशी यंत्रांत नळीभोवती एका खास धातूचं आवरण असतं. ते परदेशातूनच यायचं, आणि मालकांचा अर्ज दिल्लीत कुठल्या तरी फायलीखाली झोपला होता. नाथाजीनं डालड्याचा डबा कापून आवरण केलं. मग साखर कारखान्याच्या भंगारातला पाइप कापून केलं. रेघ बत्तीस शिराळ्याच्या नागासारखी डुलतच राहिली.

शेवटी त्यानं एक दिवस ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढले, तो एका लाकडी पाटावर ठेवला, यंत्र चालू केलं, आणि नजर काचेवर ठेवून पाट तसूतसूनं फिरवायला लागला. रेघेचं डुलणं कमी झालं, वाढलं, पुन्हा कमी झालं. एका जागी ती एकदम गप झाली. नाथाजीनं श्वास रोखून खिळ्यानं पत्र्यावर चार खुणा केल्या आणि वहीत लिहिलं: सदतीस अंश. ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या पोटात तिरका बसला, जेवणाच्या पंगतीत एकच माणूस कूस वळवून बसावा तसा. पण रेघ आखल्यासारखी सरळ. त्या दिवशी नाथाजीनं शेडमधल्या सगळ्यांना स्वतःच्या पैशानं भजी दिली. मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

१९७३च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी समिती यायची होती. आमच्या भागातल्या कॉलेजांसाठी तीस यंत्रं घ्यायची होती, आणि समितीला आमचं पसंत पडलं तर ती आमची. नाथाजीनं यंत्र चार दिवस रोज आठ तास चालवून बघितलं. नवमीच्या आदल्या दिवशी तो गावी निघाला. घरात तो थोरला, खंडेनवमीची हत्यारांची पूजा त्याच्याच हातची. जाताना मला म्हणाला, "भाऊसो, झाकनाला हात लावू देऊ नगं कुनाला." मी मान हलवली. माझी मान कुणाहीपुढं हलते.

खंडेनवमीला आमच्याकडं फोरमनची हुकमत असायची. फोरमन म्हणजे सुभेदार लालासाहेब, पेन्शनर. विजेतलं त्यांना बटण दाबण्यापलीकडं काही कळत नव्हतं, पण ओळ कळत होती. ड्रिल मशीन, पकडी, कानशी, सोल्डरिंग आयर्न, सगळं त्यांनी उंचीप्रमाणं उभं केलं. ऑसिलोस्कोपपाशी आले आणि म्हणाले, "पत्र्याच्या डब्याची पूजा करायची व्हय? झाकन काढ. हत्यार आत हाय."

मी म्हणालो, "हवालदारांनी नको म्हणून सांगितलंय."

"हवालदारानं सुभेदाराला?"

मी स्क्रू सोडवले. झाकण काढलं. सुभेदारांनी वाकून आत बघितलं. मग म्हणाले, "आरं, ह्यो वाकडा हाय."

"मुद्दाम बसवलाय तसा. रेघेसाठी."

"मुद्दाम कोन वाकडं बसवतंय, लेका? भोकं चुकली आसतील, मग सांगितलं मुद्दाम. समिती झाकन उघडंल, म्हनंल, सातारच्या मान्सांस्नी चार भोकं सरळ पाडता येत न्हाईत. नाचता येईना, अंगन वाकडं. आन गुण्या."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. मी आणला. तेवढ्यात मालक सोवळं नेसून, हातात पूजेचं तबक घेऊन आले. मी त्यांच्याकडं आशेनं बघितलं. त्यांनी यंत्रात डोकावून नाक मुरडलं आणि म्हणाले, "खरंच की. बरं दिसत नाही ते." झालं. मी नवी चार भोकं पाडली, ट्रान्सफॉर्मर गुण्यात बसवला, स्क्रू आवळले. नुसता हुकूम म्हणून केलं असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. तो तिरका ट्रान्सफॉर्मर दोन महिने माझ्याही डोळ्यांत सलत होता. सरळ झाल्यावर मला बरं वाटलं. सुभेदारांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि यंत्र चालू करून बघावं हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत.

समितीत तिघं होते. अध्यक्ष हे विज्ञानाचे मोठे जाणकार होते, असं त्यांनीच सांगितलं. दुसरे भांडार अधिकारी, त्यांच्याकडं लाखेची कांडी आणि मोहोर. तिसरे जेवायला आले होते. मसालेभात आणि जिलेबी झाल्यावर मंडळी यंत्राकडं वळली. नाथाजीची एसटी वाटेत पंक्चर झाली होती. तो ट्रकच्या हौद्यात उभा राहून आला आणि शेडमध्ये शिरला, तेव्हा मालकांनी यंत्र चालू करून वीस मिनिटं झाली होती. व्हॉल्व्ह तापले होते. काचेवर रेघ आली होती, आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत संथ डुलत होती.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "जिवंत आहे."

नाथाजीनं काचेकडं बघितलं. मग पुढं होऊन सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्यात बिघाड हाय. आत काय घातलं न्हाई, तर रेघ हलाया नगं. कुनीतरी ट्रान्सफॉर्मर फिरवलाय. मला धा मिन्टं द्या."

 मालकांनी नाथाजीचा पाय तुडवला, ते मला दिसलं. वर मात्र ते हसत म्हणाले, "हवालदार फार विनयशील आहेत."

अध्यक्षांना विनय आवडला. ते नाथाजीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "अहो, सरळ रेघ काय, पट्टीनंही काढता येते. तिच्यासाठी एवढं यंत्र कशाला? ही बघा कशी हलते. पोरांना बघायला काहीतरी मिळेल." तिसऱ्यांनी ढेकर दिली, ती अनुमोदन धरली गेली. भांडार अधिकाऱ्यांनी झाकणाच्या स्क्रूंवर दोरा गुंडाळला, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि मोहोर मारली. मंजूर नमुना. तीसच्या तीस यंत्रं या नमुन्याशी तंतोतंत जुळली पाहिजेत, असं कागदावर आलं. नाथाजी पकड घेऊन पुढं सरसावला, तर ते म्हणाले, "आता नाही. सील झालं."

समिती गेल्यावर नाथाजी माझ्या टेबलापाशी आला. "स्क्रू कुनी फिरवलं?"

"सुभेदार म्हणाले की..."

"कुनी सांगितलं त्ये न्हाई इचारलं."

"मी," मी म्हणालो.

त्यानं टेबलावरचा गुण्या उचलून बघितला. मग म्हणाला, "गुण्या तरी नीट लावलास का?" आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. मला शिव्या हव्या होत्या. त्या त्यानं दिल्या नाहीत, आणि याबद्दल मी त्याला अजून पुरती माफी दिलेली नाही.

तिसांतलं पहिलं यंत्र त्यानं आपल्या पद्धतीनं बांधलं, सदतीस अंशात. भांडार अधिकारी तपासायला आले. त्यांनी सीलबंद नमुना शेजारी ठेवून दोन्ही चालू केली. एकाची रेघ डुलत होती, दुसऱ्याची सपाट. त्यांनी सपाट रेघेवर पेन्सिल ठेवली. "हे नापास. नमुन्यात हलते, यात मेल्यासारखी पडलीय."

"साहेब, खरी रेघ अशीच आसती," नाथाजी म्हणाला.

"असेल. माझ्याकडं लाख आहे."

मालकांनी त्याच दिवशी मला माहितीपुस्तिकेत एक वाक्य घालायला लावलं. बत्तीस पानांची पुस्तिका मी इंग्रजीत टाइप केली होती, तीतलं मला एवढंच एक वाक्य पुरतं कळलं: रेघ मंद डुलत असेल तर यंत्र सुस्थितीत आहे असे समजावे. मी ते टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

नाथाजी नोकरी सोडेल असं वाटलं होतं. त्यानं सोडली नाही, तीसही यंत्रं डुलणारी बांधून दिली. माझ्या नजरेतून तो उतरला. मग एकदा रंगाआधी मी एक सांगाडा उलटा केला, तर ट्रान्सफॉर्मरच्या जागी चारांऐवजी आठ भोकं. चार समितीची, चार त्याची. ताराही हातभर जास्त सोडलेल्या. मी सांगाडा सुलटा करून रंगाला लावला. त्यानं मला बघताना बघितलं आणि पुढचा सांगाडा ओढून घेतला.

यंत्रं कॉलेजांत पोचली आणि नाथाजीच्या सुट्या सुरू झाल्या. दर आठवडी सुटीला, कधी रजा टाकून, पदरच्या पैशानं एसटीनं एकेका कॉलेजात जायचा. "कंपनीकडून तपासनी" म्हणायचा, झाकण उघडायचा, चार स्क्रू काढून दुसऱ्या चार भोकांत बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. कऱ्हाड, वाई, विटा, तासगाव. जतला त्यानं मला सोबत नेलं. का नेलं, ते सांगितलं नाही.

जतला पोचलो तेव्हा कॉलेजसमोर पाण्याचा टँकर उभा होता आणि निम्मं कॉलेज घागरी घेऊन रांगेत. प्राध्यापक परगावी. प्रयोगशाळेत गुंडा नावाचा शिपाई होता, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. त्यानं आम्हाला पोरांच्या प्रयोगवह्या दाखवल्या. प्रत्येक वहीत डुलणारी रेघ सुबक काढलेली, खाली 'शून्य वीज' असं लिहिलेलं, आणि वर दहापैकी नऊ गुण. नाथाजीनं तीन वह्या बघितल्या आणि मिटल्या.

त्यानं काम केलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिघं बसून राहिलो. रेघ आली, आणि गप्प राहिली.

गुंडा जवळ येऊन वाकला. "आता हलंना की ओ."

"हलाया नगंच."

"सरांनी सांगितलं हुतं, जतची वीजच खोडीची हाय, म्हनून हलतीया. पाऊस न्हाई, पानी न्हाई, मला वाटलं, वीजबी तसलीच आली आसंल आमच्या वाट्याला."

"तुमच्या विजंत खोट न्हाई," नाथाजी म्हणाला. "मशीन लबाड हुतं."

गुंडा त्या सरळ रेघेकडं बघतच राहिला. मग त्यानं टँकरच्या रांगेतून चार पोरं बोलावून आणली आणि त्यांना सांगितलं, बघा, आपली वीज. परतीच्या एसटीत नाथाजी सांगलीपर्यंत शीळ घालत होता. मी त्याला शीळ घालताना पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं प्रात्यक्षिक परीक्षा आल्या. रेघा सरळ, वह्या डुलत्या, पुस्तिका वह्यांच्या बाजूनं. कॉलेजांची पत्रं यायला लागली, टपाल मीच उघडत होतो. "यंत्र मृत झाले आहे." "पूर्वीप्रमाणे हालचाल दिसत नाही." "आपला माणूस येऊन गेल्यापासून बिघाड." बावीस पत्रं. एकाही प्राध्यापकाला सरळ रेघ बघून आनंद झाला नव्हता. समितीनं मालकांना खडसावलं की यंत्रं मंजूर नमुन्याप्रमाणं करून द्या. मालकांनी नाथाजीला बोलावलं. तो आत गेला, दोन मिनिटांत बाहेर आला, हत्यारं पिशवीत भरली, आणि सुभेदारांना सॅल्यूट ठोकून उंब्रजला निघून गेला.

यंत्रं नमुन्याप्रमाणं करायला कुणाला पाठवलं हे सांगायला नको. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. भोकं तयारच होती. नाथाजीच्या हातची कामं इतकी नेटकी, की उलटी करायलासुद्धा सोपी. प्रत्येक कॉलेजात मला चहा मिळाला, आभार मिळाले. दोघा प्राध्यापकांनी तर लेखी प्रशंसा दिली. जत मी शेवटी ठेवलं. गुंडा शेजारी उभा राहून बघत होता. रेघ पुन्हा डुलायला लागली तेव्हा म्हणाला, "म्हंजी खोट पुन्यांदा आमच्याच विजंत का ओ?"

मी म्हणालो, "आदेश आहे." त्यानं टॉवेलनं काच पुसली. मी त्याच्या तोंडाकडं न बघता बाहेर पडलो, टँकरवर पाणी पिलो आणि एसटी धरली.

पुढच्या वर्षी कामासाठी उंब्रजला जाणं झालं. हमरस्त्याला नाथाजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी समोरून तीनदा गेलो, चौथ्यांदा त्यानंच हाक मारली. त्याच्या बायकोनं, शालूबाईंनी, बाकड्यावरचं पोतं झटकून दिलं. त्या हसत म्हणाल्या, "घरात पाट वाकडा मांडला तर ह्ये जेवाया बसत न्हाईत, आन ह्यांची नोकरी गेली वाकडं बसवलं म्हनून." मागच्या फळीवर उरलेल्या सामानातून बांधलेलं एकतिसावं यंत्र चालू होतं. झाकण नव्हतं. ट्रान्सफॉर्मर सदतीस अंशात, रेघ सरळ.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्यानं एका रेडिओचा स्क्रू आवळत, माझ्याकडं न बघता विचारलं, "समदी फिरवलीस?"

"हो."

"जतचं?"

खरं सांगायचं मनात होतं. आईशप्पथ होतं. पण मला तो एसटीत शीळ घालणारा नाथाजी आठवला, आणि तोंडून निघून गेलं, "जतचं तेवढं राहू दिलं, हवालदार. हात लावला नाही."

नाथाजीनं मान वर केली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं तसा तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी नजर दारातल्या ट्रककडं वळवली.

"तुझी रेघ हलती हाय, भाऊसो," तो म्हणाला.

शालूबाईंनी विचारलं, "कसली रेघ?"

"काय न्हाई. च्या वत त्याला."

मी चहा पिला. चांगला होता. परत येताना ठरवलं, येत्या सुटीला जतला जायचं आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा त्या आठांतल्या त्याच्या चार भोकांत बसवायचा. घरी येऊन स्क्रूड्रायव्हर पिशवीत घातलासुद्धा. त्याला आता तीन वर्षं झाली. पिशवी दारामागच्या खुंटीला आहे, अगदी सरळ टांगलेली.